लिव्हर खाली होतं

खामगाव,
रविवार, १२ जानेवारी २०२५

चि. सौ. कोकिळास,
भागवतदादाचे अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे खुशाल आहोत. शेषराव, तुझ्या सासूबाई, पुष्पांजली सगळे बरे असतील. तुझ्या जयमालावहिनीचा गुडघा थंडीनं धरलाय, पण संक्रांत परवावर आली म्हणून ती लाडू वळायची काही थांबली नाही. तुमचा डबा वेगळा काढून ठेवलाय. पिंपळगाव राजाला येणारं कोणी भेटलं की पाठवते. मीच आणून दिला असता, पण दुकानात काम फार आहे. हे वाक्य तू दरवर्षी ऐकतेस, मला माहीत आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू "हो" अन् "बरं" एवढंच म्हणतेस, आणि मलाही त्याच्यापुढं काही सुचत नाही. शिवाय मशीनच्या गोष्टी कागदावर असलेल्या बऱ्या. पुष्पाला हाताशी राहतील.

तिचा मेसेज आला, फोटोही आले. मिनी ट्रॅक्टर चांगला घेतला, चोवीस एचपी तुमच्या शेताला भरपूर झाला. पोरगी शेतीचं शिकून गावातच गांडूळ खत करते म्हणते, याचा मला फार आनंद वाटला. एवढं शेणखत रोज फावड्यानं हलवणं शक्य नाही, लोडर लागणारच. तिनं विचारलंय, "मामा, गोठ्यामागं आपला जुना लोडर पडलेला आहे तो याले बसंल का, की नवाच घ्यावा? दोन्हीत फरक काय?"

तर फरक सांगतो.

जुना मी केला तेव्हा आपल्या भागात मिनी ट्रॅक्टरला लोडर लावायचं कोणाच्या डोक्यातही नव्हतं. त्याचं लोखंड जाड आहे. लोखंडात मी कधी हात आखडला नाही. आजचे नवे लोडर पाहिले तर पातळ वाटतात, पण त्यांची वाक दिलेली भुजा मशीनवर काढलेली असते, वजन कुठं जाईल ते मोजलेलं असतं. मी डोळ्यानं पाहून वेल्डिंग मारायचो.

जुना चेसिसला सोळा नटबोल्टनं कसायचा. काढायचा तर चेनपुली आणि अर्धा दिवस. म्हणून तो एकदा चढला की कोणी काढत नसे, अन् पिकातल्या डवरणीच्या वेळी ट्रॅक्टर नुसता उभा. नवा दोन पिनांवर बसतो आणि काढला की स्वतःच्या पायांवर उभा राहतो. पुष्पा एकटी दहा मिनिटांत काढेल.

जुन्याची बकेट एका खटक्यावर अडकलेली असते. दोरी ओढली की सगळा माल एकदम खाली. ओल्या शेणानं खटका धरला तर खाली उतरून ठोकावं लागतं. नव्याच्या बकेटला स्वतःचे दोन जॅक असतात, सीटवरून बसल्या बसल्या हवी तेवढी वाकवायची. वर उचलताना ती सरळही राहते. जुन्यात बकेट जसजशी वर जाते तसतशी मागं कलते आणि अर्धा माल बोनेटवर येतो. तुला आठवत असेल.

वजनाचं दोन्हीत सारखंच. पुढं उचललं की मागची चाकं हलकी होतात, म्हणून मागं दोन-तीन क्विंटलचा सिमेंटचा ठोकळा लटकवायचाच. नवा आहे म्हणून हे कोणी विसरू नये.

लिव्हर. जुन्याला उजव्या गुडघ्यापाशी उघडं लिव्हर आहे, खाली दाबलं की भुजा खाली येते, त्याला कुलूप नाही. नव्याला एकच दांडी, आणि ती अडकवून ठेवायला खटका असतो. चुकून धक्का लागला तरी काही होत नाही.

पाइपाचाही फरक आहे. नव्यात जॅकवरच एक वॉल्व्ह बसवलेला असतो. पण ते पुष्पाला एवढ्यात समजायचं नाही, राहू दे.

माझं मत विचारशील तर जुना बसवू नका. नवाच घ्या. एक माझ्या दुकानात उभा आहे, शेषरावांना आणि पुष्पाला घेऊन पाहायला ये. जुना मीच गाडी पाठवून उचलून आणतो, तुम्हाला त्याची अडगळच आहे.

गहू कसा आहे? हरभऱ्यावर अळी आली म्हणतात.

तुझा
भागवतदादा

ता. क. मी गाडी पाठवेपर्यंत जुन्याला कोणी हात लावू नका. दुसऱ्या मिस्त्रीला दाखवूही नका.


खामगाव,
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. कोकिळास आशीर्वाद.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. कितीतरी वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. तू लिहिलंस, "दादा, नव्याची घाई नाही. जुनाच बसवून दे. त्याच्यात काही दोष नव्हता, दोष माह्या हाताचा होता. पुष्पाचा हात तसा नाही. तिले नीट शिकवून देजो."

चार दिवस ते पत्र शर्टाच्या खिशात घेऊन दुकानात काम करतोय. काल एका ट्रॉलीचं फाळकं उलटं जोडलं, पुन्हा कापावं लागलं. जुना लोडर बसवून देतो म्हणावं, तर पुष्पाला त्याच्याखाली उभं केल्यासारखं होतं. नाही म्हणावं, तर का नाही ते सांगावं लागतं. मागच्या पत्रात मी सोळा नटबोल्ट लिहिले, दोरी लिहिली, सिमेंटचा ठोकळा लिहिला. जे लिहायचं होतं ते "राहू दे" म्हणून सोडलं.

कोकिळा, तुझा हात लागला नव्हता.

लोडर पाइपामुळं पडला. तो पाइप मी बसवला होता.

पहिल्यापासून लिहितो, मधेच थांबलो तर पुन्हा लिहिणं होणार नाही.

शेषरावांना २०१६ च्या पाडव्याला लोडर हवा होता. नांगरटीच्या आत शेणखत शेतात पडायला पाहिजे म्हणून. मी शब्द दिला होता. सगळं तयार झालं, अन् डाव्या जॅकचा पाइप आखूड निघाला. नवा पाइप अकोल्याला टोकं मशीनवर दाबून आणावा लागत होता, म्हणजे एक दिवस गेला. माझ्याकडं एका भंगारातल्या खोदाई मशीनचा जुना पाइप पडलेला होता. तो कापला, जॅकच्या तोंडाच्या निपलवर चढवला आणि दोन क्लिपा आवळल्या. हायड्रोलिकच्या पाइपाला क्लिप चालत नाही, ऑइलच्या दाबानं पाइप निसटतो अन् भुजा खाली येते. आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या पोरालाही हे माहीत असतं. मलाही होतं. पाडवा होऊ दे, मग बदलू, असं म्हणून मी तो तुमच्या दारात आणून उभा केला. तू त्याला हळदकुंकू लावलंस.

पंधरा दिवसांनी शेषरावांचा फोन आला. म्हणाले, "भागवतभाऊ, बकेट वर ठेवली तं हळूहळू खाली येते, अन् डाव्या पाइपापाशी ओलं दिसते." मी म्हटलं, "नवं मशीन आहे, थोडं ऑइल सुटतेच. चालवा." पण मला खटकलं होतं. त्याच आठवड्यात अकोल्याला गेलो तेव्हा मापाचा पाइप दाबून आणला. तो माझ्या हत्यारांच्या पिशवीत होता. पिंपळगावला यायला सवड झाली नाही. सवड झाली नाही हे तेव्हाचं कारण. खरं म्हणजे मी केली नाही.

मे महिन्यातल्या त्या मंगळवारी सकाळी काय झालं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. खटका ओल्या शेणानं धरला होता. शेषरावांनी तुला सीटवर बसून रेस धरायला सांगितली, कारण ट्रॅक्टर जागेवर बंद पडत होता. तू तेव्हा दोन वर्षांपासून ट्रॅक्टर चालवत होतीस. शेषराव स्वतःच म्हणायचे की इचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. ते खटका ठोकायला सब्बल घेऊन पुढं गेले आणि भुजा भरल्या बकेटीसकट खाली आली.

मी खामगावच्या दवाखान्यात पोहोचलो तेव्हा त्यांना आत नेलं होतं. तू व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होतीस, कोपरापर्यंत शेण वाळलेलं. सासूबाईंनी तुला विचारलं, "लिव्हरले हात लागला का तुह्या?" तू म्हणालीस, "मले माहीत नाही. लागला असंल."

हे मी ऐकलं. आणि म्हटलं, मी मशीन पाहून येतो.

दुपारी दोन वाजता तुमच्या उकिरड्यावर कोणी नव्हतं. पाइप निपलमधून निसटून लोंबत होता. ऑइल चार हात पसरलेलं. मी आधी लिव्हर पाहिलं. कोकिळा, लिव्हर मधोमध होतं. जिथं असायला पाहिजे तिथंच. तू त्याला शिवलीही नव्हतीस.

मी पिशवी उघडली. निसटलेला पाइप काढून पिशवीत टाकला आणि अकोल्याहून आणलेला लावला. दहा मिनिटं लागली. ज्या दहा मिनिटांची मला सवड झाली नव्हती, ती हीच. मग फावड्यानं सुकं खत ऑइलवर ओढलं. मग लिव्हर तळहातानं खाली दाबलं. हौदावर हात धुतले आणि परत आलो.

व्हरांड्यात सगळे माझ्याकडं पाहत होते. सासूबाई, तुमचे शेजारी तुळशीराम आणि तू. मी म्हटलं, "लिव्हर खाली होतं."

तीन शब्द. संध्याकाळी तुळशीरामनं जाऊन पाहिलं, तर लिव्हर खरंच खाली. मग कोण शंका घेणार? मीही पुष्कळ दिवस स्वतःला सांगत राहिलो की मी खोटं बोललो नाही, लिव्हर खालीच होतं.

का केलं हे तू विचारशील. दुकान टाकून एकच वर्ष झालं होतं. माझे आणखी तीन लोडर तीन गावांत चालत होते. माझा लोडर पडला अशी बोंब झाली असती तर पुन्हा कोणी दुकानाची पायरी चढलं नसतं. आणि आणखी एक विचार केला, तो सगळ्यात हलकट आहे, तोही लिहितो. मला वाटलं, ती त्यांच्या घरातली आहे, तिची चूक घरातल्या घरात जिरेल. मला कोणी माफ करणार नाही.

ती जिरली नाही हे मला पहिल्या दिवाळीलाच दिसलं. शेषरावांचा पाय घोट्यातून गेला होता, ते नकली पाय बसवून घरच्या आटाचक्कीवर उभं राहायला शिकत होते. सासूबाई आल्यागेल्याला सांगत होत्या, "इनं माह्या लेकाचा पाय घेतला." तू आतून चहा आणलास आणि माझ्यासमोर कप ठेवलास. मी तो प्यालो.

एक गोष्ट अजून आहे. तो अपघात झाल्यावर आठ दिवसांत मी त्या तीन गावांत जाऊन आलो. एक तर पार संग्रामपूरकडं होतं. तिन्ही लोडरचे पाइप बदलले. फुकट सर्व्हिस आहे म्हणून सांगितलं. एका घरी त्यांनी मला जेवू घातलं, फार चांगला माणूस आहात म्हणाले. परक्यांचे पाय मी वाचवून आलो.

नंतर एकदा तुझी वहिनी महालक्ष्मीच्या जेवणाला तुमच्याकडं आली होती. परत येऊन म्हणाली, "कोकिळा चक्कीचं बटन दाबत नाही. पुष्पाले हाक मारते. म्हणते, माह्या हातानं नको." मी म्हटलं, सवय असेल तिची. आणि दुकानात निघून गेलो.

आज सकाळी जयमालाला तुझं पत्र दाखवलं आणि हे सगळं सांगितलं. ती गहू निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "हे सगळं लिहा. अन् उद्या पोस्ट उघडल्याबरोबर टाका. तुमच्या हातानं."

शेषरावांना हे पत्र दाखव. सासूबाईंना वाचून दाखव. गावात कोणाला दाखवायचं असेल तर दाखव. मी कुठंही नाही म्हणणार नाही. जुना लोडर बसवू नका, एवढं मात्र माझं ऐक.

भागवत


खामगाव,
सोमवार, २४ फेब्रुवारी २०२५

कोकिळास,

तुझ्याकडून पत्र आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं. पुष्पाचा फोन आला होता, आवाज कोरडा. "मामा, आई म्हणते रविवारी या. जे कागदावर लिहिलं ते आजीसमोर तोंडानं बोला." त्याप्रमाणं मी सोळा तारखेला आलो. पुढं जे झालं ते तुझ्यासमोरच झालं, पण तू अर्धा वेळ चुलीपाशी पाठमोरी होतीस, आणि मला तुला त्याच्यातलंच एक लिहायचं आहे. म्हणून तिथूनच सुरू करतो.

सासूबाई ओट्यावर बाजेवर होत्या. त्या इतक्या थकल्या असतील असं मला वाटलं नव्हतं. कानानं कमी ऐकू येतं हेही कोणी सांगितलं नव्हतं. शेषराव चक्कीवर होते, दोन बाया दळण घेऊन बसल्या होत्या. मी सासूबाईंच्या पायाशी बसलो आणि हळू आवाजात बोलायला लागलो. रस्ताभर जे जुळवलं होतं ते सगळं बोललो. त्या माझ्या तोंडाकडं पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "काय म्हणून राह्यला तू? मोठ्यानं बोल."

मी पुन्हा बोललो. चक्कीच्या आवाजात त्यांना तेही ऐकू गेलं नाही. तेवढ्यात शेषरावांनी चक्की बंद केली. एकदम सगळं शांत झालं. दळणाच्या बाया, भिंतीपलीकडं तुळशीरामच्या घरचे, सगळे ऐकत होते. तेव्हा मला ओरडून सांगावं लागलं, "मावशी, लिव्हरले कोकिळाचा हात लागला नव्हता. पाइप मी खराब लावला होता. लिव्हर म्या खाली दाबलं."

दोनदा ओरडलो. दुसऱ्यांदा त्यांना समजलं.

मला वाटलं होतं त्या मला शिव्या देतील. त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. त्या स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहत होत्या. तिकडंच पाहत म्हणाल्या, "मंग म्या इले जे जे बोलली, ते आता कोठी नेऊन टाकू?"

तू तेव्हा वळली नाहीस. भाकर तव्यावर करपत होती, मला ओट्यावर वास येत होता. पुष्पानं येऊन ती काढली.

शेषराव चक्कीवरून उतरून आले. अंगभर पीठ. त्यांचा नकली पाय फरशीवर वाजतो, तो आवाज मी इतक्या जवळून पहिल्यांदा ऐकला. ते माझ्यासमोर उभे राहिले, पण मला हात लावला नाही. एवढंच म्हणाले, "माह्या पायाचं मी सहन केलं असतं, भागवतभाऊ. इले नऊ वर्षं काऊन जाळलं?" मग कोणाकडं न पाहता म्हणाले, "मीच इले सीटवर बसवलं होतं. म्या तरी कधी इच्या बाजूनं तोंड उघडलं?" आणि आत तुझ्याकडं गेले. तिथं तुम्ही दोघं काय बोललात ते मला ऐकू आलं नाही, आणि ते माझ्या ऐकण्याचं नव्हतंच.

मी तुळशीरामच्या घरी जाऊन त्यालाही सांगितलं. तो भला माणूस. शेवटी त्यानंच दोन गडी बोलावले आणि जुना लोडर माझ्या ट्रॉलीत चढवून दिला. डाव्या जॅकवर मी लावलेला तो पाइप अजून तसाच होता, चांगला, नऊ वर्षांत एक थेंब सुटला नाही त्यातून. दुकानात आणून मी गॅसनं त्याचे तुकडे केले. दोन दिवस लागले.

पुष्पाचा परवा मेसेज आला की तुम्ही अकोल्याला दुसरीकडं नवा लोडर पाहून आलात, मामाकडून नको असं आई म्हणते. बरोबर आहे तुझं. तिला एवढंच सांग, की पैसे द्यायच्या आधी दोन गोष्टी स्वतःच्या डोळ्यानं पाहा. एक, पाइप फुटला तरी भुजा जागेवर धरून ठेवणारा तो वॉल्व्ह थेट जॅकच्या अंगावर बसवलेला हवा. पाइपाच्या दुसऱ्या टोकाला असेल तर पाइप फुटल्यावर त्याचा काही उपयोग नाही. आणि दुसरं, भुजा वर असताना जॅकवर चढवायचा लोखंडी टेका मिळतो, तो सोबत मागून घे. काही जण तो देतच नाहीत. टेका लावल्याशिवाय नव्याखालीसुद्धा कोणी जायचं नाही. दुकानदार नवीन मशीन आहे, काही होत नाही म्हणेल. मीही तसंच म्हटलं होतं. अन् ट्रॅक्टर चालवायला तिनं दुसऱ्या कोणाकडून शिकू नये. तुझ्याएवढा हलका हात तुमच्या गावात कोणाचा नव्हता, हे मी खुश करायला लिहीत नाही.

आता जे लिहायचं होतं ते.

मी निघालो तेव्हा तू फाटकापर्यंत आलीस. दिवसभरात पहिल्यांदा माझ्याशी बोललीस. तू म्हणालीस, "दादा, म्या पत्रात नवाच घेतो असं लिहिलं असतं, तं तू हे सांगितलं असतं का?"

मी ट्रॉलीचा दोर पुन्हा आवळत राहिलो. तू थांबलीस. रस्त्यानं कापसाची पऱ्हाटी भरलेली एक गाडी गेली, ती वळण पार करेपर्यंत तू थांबलीस. मग आत गेलीस आणि फाटक लावून घेतलंस. मला वाटतं तू उत्तर घेऊनच आत गेलीस. तरी तू विचारलंस ते मला, म्हणून सांगायचंही मीच.

नसतं सांगितलं.

तू नवाच घेतो लिहिलं असतंस तर मला सुटल्यासारखं झालं असतं. मी दुसऱ्याच दिवशी गाडी पाठवून जुना उचलून आणला असता. नव्याच्या पूजेला नारळ घेऊन आलो असतो. तुझ्या हातचं जेवलो असतो, पुष्पाची पाठ थोपटली असती आणि परत निघालो असतो. तू पुढंही तुझ्या हाताला दोष देत राहिली असतीस, आणि मी पुढच्या संक्रांतीला पुन्हा दुकानात काम फार आहे असं लिहिलं असतं. ते पहिलं पत्र मी त्याच्यासाठीच लिहिलं होतं. पुष्पाला फरक समजावा म्हणून नाही. जुना लोडर तुमच्या घरातून मुकाट निघावा म्हणून.

तुझ्यासाठी मी बोललो नाही. दुसरी वाटच उरली नाही म्हणून बोललो. पुष्पा त्याच्याखाली जाईल ही भीती होती, आणि ती नसती तर मी अजून गप्पच असतो. जयमाला म्हणते, हे आता तिला कशाला लिहिता, तिला जरा बरं वाटू द्या. पण तेव्हा मी लपवलं ते काही तुला बरं वाटावं म्हणून नव्हतं, आणि आता त्या नावाखाली लपवायला लागलो तर ते पुन्हा तेच होईल.

मी राखीला येणार नाही. तू बोलावलंस तर येईन, नाही बोलावलंस तर त्याचा अर्थ मला समजेल, कोणाला विचारत बसणार नाही. पुष्पाला माझा फोन उचलायचा नसेल तर तिला रागावू नकोस.

वयानं मोठा आहे म्हणून आजवर तुला आशीर्वाद लिहीत आलो. आता तो लिहायला हात धजत नाही. नमस्कार करतो. घे किंवा घेऊ नको.

भागवत